पाव किलो भेंडी, तीही तूच निवड

भेंडी कोवळी आहे की जून, हे मला कुणी सांगून समजलं नाही. मंडईत आईने माझ्या हातात एक भेंडी दिली आणि म्हणाली, "शेंडा मोडून बघ. कट्कन मोडला तर घे, नुसता वाकला तर राहू दे." भाजीवाल्या मावशींना तिने आधी विचारलं होतं, "लेकीला शिकवतेय, चार शेंडे मोडले तर चालतील ना?" मावशी म्हणाल्या, "मोडू दे की, कोवळीच हाय." मी तेव्हा सात वर्षांची असेन. पाव किलो भेंडी निवडायला मला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. आई पिशवी धरून उभी होती. एकदाही "आण इकडे" म्हणाली नाही. रात्री भाजी वाढताना मात्र तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजची भेंडी हिने निवडलीय."

गेली बावीस वर्षं मी बालवाडीत शिकवते आहे. 'घरी मुलांचा काय अभ्यास घ्यायचा?' हा प्रश्न पालकसभेत दर वर्षी येतो, आणि माझं उत्तरही दर वर्षी तेच असतं: आठवड्यातून एकदा त्यांच्याकडून थोडा बाजार करून घ्या, आणि घरी आल्यावर त्यांना दुकान-दुकान खेळू द्या. काही आईबाबांना ही अभ्यासातून काढलेली पळवाट वाटते. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

मुलांना आपण बाजारात नेतोच. पण तिथे ती एकतर ट्रॉलीत बसलेली असतात, नाहीतर आपल्या बोटाला धरून फरफटत असतात. "हात लावू नकोस", "लवकर चल", "ते ठेव खाली" एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. मुलाला बाजारात नेणं वेगळं आणि त्याला बाजार करू देणं वेगळं. अलीकडे तर नेणंही कमी झालंय. फोनवरून मागवलेलं सामान दारात येतं, आणि दुकानात गेलो तरी पैसे फोननेच जातात. मागच्या वर्षी आमच्या वर्गातल्या खोट्या दुकानात साडेचार वर्षांचा एक मुलगा गिऱ्हाईक होऊन आला. त्याने हातातली छोटी वही खोक्यासमोर धरली, तोंडाने 'टिंग' असा आवाज केला आणि पिशवी उचलून निघाला. दुकानदार झालेली मुलगी म्हणाली, "पैसे?" तो म्हणाला, "गेले ना!" त्याने जे पाहिलं तेच तो खेळला. त्यात त्याची काहीच चूक नाही. पण नोट काढणं, ती समोरच्याच्या हातात जाणं, मोड परत येणं, ती मोजून घेणं ही सगळी पायरीच त्याच्या डोळ्यांआड गेली आहे. ती आता आपल्याला मुद्दाम परत आणावी लागणार.

बाजारात मुलं किती शिकू शकतात, यावर फार चांगलं काम झालेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि आनालूसिया श्लीमन हे संशोधक रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून गेले. एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, नारळ पस्तीसला एक, तर दहा नारळांचे किती झाले? पस्तीसवर शून्य देण्याची शाळेतली युक्ती त्याने वापरली नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, मग तीनशे पंधरा, आणि वर एक नारळ, म्हणजे तीनशे पन्नास, असा तो तोंडी पोहोचला. गाड्यावर विचारलेल्या अशा ६३ गणितांपैकी ९८ टक्के बरोबर आली. तीच गणितं नंतर कोरी आकडेमोड म्हणून समोर ठेवली, तर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर उतरली. त्यांचा निबंध १९८५ सालचा.

आपल्याकडचा अभ्यास तर अगदी ताजा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली, आणि ती २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गाड्यावरचा गुंतागुंतीचा हिशेब जवळजवळ सगळ्या मुलांना येत होता. शाळेच्या पद्धतीने मांडलेली तेवढीच किंवा त्याहून सोपी गणितं मात्र त्यांना सुटेनात. माझ्या मनात जास्त रुतली ती दुसरी बाजू. जवळपासच्या शाळांतली, कधीही काही न विकलेली ४७१ मुलंही त्यांनी पाहिली. त्यांना वहीतली सोपी गणितं बरी येत होती, पण बाजारातला जो एक हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांनी सोडवला, तो यांच्यापैकी फक्त १ टक्का मुलांना जमला.

कोवळ्या वयात गाड्यावर राबणं वाईटच, त्याचं कौतुक कुणी करू नये. पण या दोन्ही अभ्यासांतून मला एक गोष्ट स्वच्छ दिसते. बाजारातलं शहाणपण आपोआप वहीत उतरत नाही आणि वहीतलं आपोआप बाजारात पोहोचत नाही. मध्ये पूल बांधावा लागतो. घरातलं खोटंखोटं दुकान हा तो पूल आहे, कारण तिथे बाजाराची बोलीही असते आणि शेजारी पाटी-पेन्सिलही असते. म्हणून मी पालकांना तिन्ही गोष्टी सांगते: खरा बाजार, मग खेळातला बाजार, मग त्याच खेळाचा कागदावरचा हिशेब. यातली एक जरी गळली तरी बाकीच्या दोन लुळ्या पडतात.

खऱ्या बाजाराची सुरुवात स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून करा. मुलाला डबे उघडून बघू द्या. तूरडाळ किती उरली? शेंगदाणे तळाला गेले का? पोहे आहेत का? लिहिता येत नसेल तर चित्रं काढू द्या. एक कांदा, एक साबणाची वडी, एक जुडी. दुकानात गेल्यावर घेतलेल्या वस्तूवर काट मारायची. कागदावर काढलेली खूण तासाभरानेही तीच गोष्ट सांगते, लिहिणं-वाचणं म्हणजे हेच, हे चार वर्षांच्या मुलाला यादीतून जितकं कळतं तितकं अक्षरं गिरवून कळत नाही.

वेळ मात्र नीट निवडा. संध्याकाळी सात वाजता, दुकानात रांग लागलेली, तुम्ही ऑफिसातून दमून आलेले, मूल भुकेलेलं, अशा वेळी काही शिकवायला जाऊ नका. शनिवारी सकाळी दहा-साडेदहा किंवा दुपारी चारच्या सुमारास दुकानदारालाही बोलायला सवड असते. घाई असेल त्या दिवशी सरळ एकटं जाऊन या. हे मी अनुभवाने सांगते. माझी मुलगी पाच वर्षांची असताना किराणा दुकानात यादी वाचत होती, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मागे लोक खोळंबले होते, दुकानातला माणूस बोटांनी गल्ला वाजवत होता. मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला आणि भराभर सांगून टाकलं. त्यानंतर दीड-दोन महिने ती दुकानात तोंड उघडायची नाही. तिला परत बोलतं करायला मला जो वेळ लागला, त्यापेक्षा त्या दिवशीची दोन मिनिटं कितीतरी स्वस्त होती.

एका खेपेला मुलाला एकच काम द्या, पण ते पुरतं त्याचं असू द्या. तीन वर्षांचं मूल सहा लिंबं मोजून पिशवीत टाकू शकतं, कांदे-बटाटे वेगळे करू शकतं, 'सगळ्यात मोठं' वांगं शोधू शकतं. पाच वर्षांचं मूल स्वतः विचारू शकतं, "काका, कोथिंबीर कशी दिली?" हे वाक्य घरी दोन-तीनदा म्हणून घ्या. दुकानात मूल अडखळलं तरी तुम्ही पुढे होऊन बोलू नका. त्याच्या मागे, दिसाल इतक्या अंतरावर, गप्प उभे राहा. दुकानदार तुमच्याकडे बघून उत्तर देऊ लागला तर नम्रपणे सांगा, "आज गिऱ्हाईक तो आहे." बहुतेक दुकानदार आनंदाने साथ देतात. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे पैसे आणि मोड सोपवता येते. नऊ-दहाव्या वर्षी, घराजवळच्या ओळखीच्या दुकानात रस्ता ओलांडावा लागत नसेल, तर एकट्यालाही पाठवता येतं.

वजनाचा अंदाज ही तर मुलांची फार आवडती गोष्ट. काट्यावर ठेवण्याआधी कांदे त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "अर्धा किलो भरेल का?" मग काट्याकडे बघायचं. आज चुकेल, पुढच्या आठवड्यात कमी चुकेल. अर्ध्या लिटर दुधाची पिशवी साधारण अर्ध्या किलोची असते. ती एका हातात आणि कांद्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन घरी पुन्हा ताडून बघता येतं. महिन्याभरात मूल हातानेच बऱ्यापैकी जवळ येतं. किलो म्हणजे किती, हे जे हाताला कळतं ते पुस्तकातल्या चित्राने कळत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे ती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आज मुलांच्या कानावर कुठे पडतात? आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकली होती. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, पुढच्या काही वर्षांत शेर जाऊन किलो आला, आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. शब्द मात्र भाजीच्या गाड्यावर जिवंत राहिले. "पाव किलो गवार, दीड किलो कांदे, अर्धी जुडी दिली तरी चालेल, पाऊण डझन केळी." घरी मात्र आपणच 'टू फिफ्टी ग्रॅम' म्हणू लागलो. नका म्हणू. पाव म्हणजे चौथा हिस्सा. किलोचा पाव २५० ग्रॅम, डझनाचा पाव तीन केळी, तासाचा पाव पंधरा मिनिटं. सव्वाशे म्हणजे १२५ आणि सव्वा किलो म्हणजे १,२५० ग्रॅम. इथे मूल हमखास थबकतं: सव्वा दोन्हीकडे एकच, मग आकडा वेगळा कसा? त्याला थबकू द्या. सव्वा कशाचा, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे ज्या दिवशी त्याच्या ध्यानात येतं त्या दिवशी अपूर्णांक त्याला कळलेला असतो. चौथी-पाचवीत तो धडा येईल तेव्हा वहीत फक्त खूण नवी असेल.

तसंच एकोणपन्नासचं. एकोण म्हणजे एक उणा. पन्नासाला एक कमी. दुकानात ४९ रुपयांची वस्तू घेऊन पन्नासची नोट दिली की तो उणा रुपया मुलाच्या तळहातावर येतो, आणि शब्दातच दडलेला हिशेब त्याला दिसतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ मुलांना अवघड जातात, त्यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि बराच वादही झाला. शिकवायची सोय म्हणून ते वाईट नाही असं मला वाटतं. पण कानावर मूळ शब्द पडत राहिले पाहिजेत, आणि त्यासाठी भाजीवाल्याइतका चांगला मास्तर मिळायचा नाही. माझ्या आजोळी धान्य मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. आमच्या वर्गातली मुलं आता चिंचोके असेच मोजतात, आणि घरी जाऊन आजोबांना विचारतात, तुम्हाला माहीत होतं का?

परदेशातल्या मराठी घरांसाठी हे सगळं आणखी मोलाचं आहे. तिथल्या भारतीय दुकानाच्या फळीपुढे उभं राहून मटकी, चवळी, मूग, हरभरा, वाटाणा ही नावं मुलाला म्हणायला लावा. दुकानातली बोली इंग्रजी असली, तरी यादी मराठीत असायला हरकत नाही.

पैसे द्यायच्या वेळी, आठवड्यातून एकदा तरी, रोख द्या. आधी नोटा ओळखीच्या होऊ देत. वीसच्या नोटेमागे आपलं वेरूळ आहे, पन्नासच्या मागे हंपी, शंभरच्या मागे पाटणची राणी की वाव. मुलं एकदा हे शोधू लागली की नोट विसरत नाहीत. मोड मोजताना वजाबाकी मांडायला लावू नका. जुने दुकानदार करतात तसं वर चढायला शिकवा. सामान १३७ चं झालं, दोनशे दिले. एकशे सदतीसमध्ये तीन घालून एकशे चाळीस, वर साठ म्हणजे दोनशे. परत त्रेसष्ट. यात हातचा नाही, उसना नाही. मोड जास्त आली तर ती जागच्या जागी परत करायची, आणि तेही मुलाच्या हातून. यावर वेगळं काही बोलायची गरज पडत नाही.

आठ वर्षांनंतर पाकिटं वाचायला द्या. कमाल किरकोळ किंमत कुठे छापली आहे, निव्वळ वजन किती, कधी बनवलं, कधीपर्यंत चांगलं राहील, शाकाहाराची हिरवी खूण कुठे आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देण्याचा नियम आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साखर कितव्या नंबरवर आहे हे शोधायला सांगा, आणि काही बोलू नका. आमच्या शेजारच्या तिसरीतल्या मुलीने घरातल्या सगळ्या बिस्किटांचे पुडे काढून त्यांचे नंबर लावले होते. मोठा पुडा स्वस्त पडतो का, हेही असंच तपासता येतं. बऱ्याच पाकिटांवर आता एका ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापलेला असतो.

हट्टाचं काय, हे सगळे विचारतात. चॉकलेटं मुद्दाम गल्ल्याजवळ, मुलांच्या उंचीवर मांडलेली असतात, तेव्हा मूल मागणारच. निघण्याआधी पोटभर खायला घाला, आणि ठरवायचं ते घरातच ठरवा: "आज तुझ्यासाठी वीस रुपये आहेत. काय घ्यायचं ते तू ठरव, पण वीसच्या वर नाही." मग ते पाळा. तुम्ही एकदा जरी पस्तीस केले, तर पुढच्या वेळी वीसचा अर्थ उरत नाही. मुलाने वीस रुपये खेळण्यावर उडवले आणि ते संध्याकाळपर्यंत मोडलं तरी नवे पैसे देऊ नका, आणि "मी सांगितलं होतं" असंही म्हणू नका. ते दुःख त्याचं त्याला भोगू द्या, फार तर जवळ घ्या.

आणखी एक, जे माझ्या जिव्हाळ्याचं आहे. मोठ्या दुकानात छापील किमतीला एक रुपयाही कमी न करता आपण पैसे देतो, आणि उन्हात बसलेल्या मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. मूल हे बघत असतं. भाव विचारावा, जास्त वाटला तर दुसरीकडे जावं, पण मेथीच्या जुडीवर वर कोथिंबीर हिसकून घेऊ नये. "मावशी, किती वाजता निघालात घरून?" असं एकदा मुलाला विचारायला सांगा. पहाटे तीनला उठून जुड्या बांधल्या असं ऐकलेलं मूल मेथी पानात टाकताना थोडा विचार करतं.

आता घरचं दुकान. यासाठी विकतचा संच आणू नका. रिकामे खोके, धुतलेल्या बरण्या, बिस्किटांची पुठ्ठ्याची खोकी, वर्तमानपत्राच्या पिशव्या, चिंचोके, शंख, दगड, बाटल्यांची झाकणं एवढं पुरतं. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या बालवाड्या उभ्या केल्या, त्या परिसरात मिळणाऱ्या बिया, पानं, शिंपले, खडे यांच्यावरच. वस्तू जितकी साधी तितकं मुलाला जास्त कल्पावं लागतं. गोल दगड बटाटा होतो, उद्या तोच साबण होतो. समोरची वस्तू एक आणि तिचा अर्थ दुसरा, हे मनात धरता येणं ही केवढी मोठी झेप आहे, ते रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी मुलांच्या खेळाबद्दल लिहिताना फार सुंदर मांडलं आहे. पाच हा आकडा म्हणजे पाच आंबे नाहीत, तरी तो त्यांच्याऐवजी उभा राहतो. गणित याच झेपेवर उभं आहे.

तराजू मात्र करा. दोन करवंट्या घ्या, प्रत्येकीच्या काठाला तीन भोकं मोठ्यांनी पाडून द्या, सुतळी ओवा आणि कपडे टांगायच्या हँगरच्या दोन टोकांना बांधा. हँगर खिळ्याला अडकवला की दांडी समतोल होते की नाही ते मुलंच बघतात. एक करवंटी जड असेल तर हलक्या बाजूला खडा बांधायचा. त्यालाच पासंग म्हणतात, हा शब्दही सांगा. वजनं नसतील तर दहा रुपयांची नाणी वापरा. एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं, तेरा ठेवली की शंभर ग्रॅमच्या जवळ जाता. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर नाणी, चणे, चिंचोके त्याच्या हाती लागणार नाहीत हे बघा. तोंडात, नाकात जायला क्षण पुरतो. बटणासारखे गोल सेल असलेली खेळणी तर या दुकानात नकोतच.

दुकानात तुमचं काम गिऱ्हाइकाचं. शिक्षकाचं नाही. आमच्या घरात घडलेलं सांगते. माझी सहा वर्षांची भाची दुकानदार होती, माझी आई गिऱ्हाईक. आईने बारा रुपयांची डाळ घेतली आणि घरात केलेली वीसची नोट दिली. भाचीने नोट उलटसुलट बघितली आणि गल्ल्यातली सगळी नाणी, दहा-बारा तरी, आजीच्या ओंजळीत ओतली. तिचा विचार सरळ होता: नोट मोठी, म्हणजे परतही खूप द्यायचं. मी बोलायला तोंड उघडलं तर आईने मला डोळ्यांनी थांबवलं. तिने नाणी कनवटीला लावली, "बरं हं, येते," म्हणाली आणि गेली. पाच मिनिटांनी ती पुन्हा आली, डोक्यावर पदर घेऊन, दुसरी बाई होऊन. तीन रुपयांची काडेपेटी घेतली, पाचचं नाणं दिलं. भाचीने गल्ल्यात हात घातला. गल्ला रिकामा. ती किती तरी वेळ त्या डब्यात बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, मघाच्या बाईला मी जास्त दिले." आजी म्हणाली, "मग आता?" "तिला बोलवून आण." आजी पदर काढून परत 'मघाची बाई' झाली, आणि दोघींनी जमिनीवर नाणी मांडून बारापासून वीसपर्यंत मोजत नेलं. तेरा, चौदा, पंधरा... आठ नाणी आजीकडे राहिली, बाकीची गल्ल्यात परत गेली. त्या सबंध खेळात माझ्या आईने एकदाही 'चूक' हा शब्द उच्चारला नाही.

तुम्ही गिऱ्हाईक म्हणून अशाच अडचणी घेऊन या. "सुट्टे नाहीत हो, शंभरचीच नोट आहे." "कालची डाळ किडकी निघाली." "पैसे विसरले, उद्या दिले तर चालतील का?" उधारी आली की वही लागते, वही आली की लिहिणं येतं. कधी कमी ऐकू येणारे आजोबा व्हा, म्हणजे दुकानदाराला मोठ्याने, थांबत, नीट बोलावं लागेल. दोन मुलं खेळत असतील आणि आपापसात भांडत-ठरवत असतील, तर तुमची गरजच नाही. बाजूला बसून भाजी निवडा.

आणि मग तिसरी पायरी, जी बहुतेक घरांत राहून जाते. खेळ रंगात असतानाच पाटी आणि वही दुकानात ठेवा. पाटीवर आजचा भाव: बटाटे ३०, टोमॅटो ४०. गिऱ्हाइकाने म्हणायचं, "बिल द्या हो." मूल आधी चित्रं काढेल, मग नुसते आकडे लिहील, मग एकाखाली एक लिहू लागेल. अधिकचं चिन्ह तेव्हा दाखवा. त्याने तोंडी केलेला हिशेब आणि कागदावरचा हिशेब शेजारी शेजारी ठेवा: "तू त्रेसष्ट म्हणालास, कागदावर किती आले?" जुळले तर त्याला दोन वाटा एका गावाला जातात हे दिसतं. नाही जुळले तर कुठली वाट चुकली हे त्यालाच शोधावंसं वाटतं. कोलकात्याच्या आणि दिल्लीच्या मुलांच्या बाबतीत जे जोडलं गेलं नव्हतं, ते असं रोजच्या पंधरा मिनिटांत जोडलं जातं.

आपल्याकडे अनेक जिल्हा परिषद शाळांत बालबाजार भरतो. मुलं घरची भाजी, भेळ, लिंबू सरबत विकायला बसतात. त्या दिवशी पालकांनी कौतुकापोटी दहाच्या जुडीला पन्नास रुपये देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भांडवल किती लागलं, विक्री किती झाली, उरलेली कोथिंबीर दुपारपर्यंत सुकली तिचं काय, हे मुलाला मांडू द्या. तोटा झाला तर तोटा लिहू द्या. पुढच्या वर्षी ते मूल कमी कोथिंबीर आणेल, किंवा पाण्याचा शिपका मारायला ओलं फडकं आणेल.

शेवटचं एक सांगायचं तर, संध्याकाळ झाली म्हणून घरातलं दुकान लगेच आवरायला लावू नका. कोपऱ्यात दोन-तीन दिवस मांडलेलं राहू द्या. केर काढताना थोडी गैरसोय होते, ती सोसा. मूल जेवायला उठलं की दुकानाला कुलूप लागतं, आणि जेवून परत आलं की माल तिथेच असतो, कालची उधारी तिथेच असते. माझ्या भाचीच्या दुकानावर दुसऱ्या दिवशी वहीचा एक कागद टाचणीने लावलेला होता. तिने स्वतः लिहिलेला, 'द' उलटा पडलेला: 'दुकान बंद आहे. जेवून येते. सुट्टे पैसे आणा.'